शुक्रवारी तुंबणारं सिंक

"उद्या शुक्रवार हाय. तुमी सकाळच्या गाडीनं घरी जावा, आन् जेवणाच्या येळंला घरातच ऱ्हावा." बारामतीच्या दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसलेली माझी बायको गजरा मला हे म्हणाली, तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती. मी विचारलं, घरी काय ठेवलंय? तर म्हणाली, "काय न्हाय. जावा म्हंते ना." मी म्हटलं, सुमन हितं एकटी आहे, अचानक काय लागलंसवरलं तर… तेव्हा ती सुमनकडं, म्हणजे आमच्या लेकीकडं बघून म्हणाली, "तुजा बाप हितं ऱ्हाऊन काय करतोय गं? नर्सबायांशी भांडतोय नुसता." सुमन हसली. मीही हसलो असेन. गजराला श्वास लागत होता, पावलांवर सूज होती, पण जीभ जागेवर होती. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं होतं. मला त्यातलं एवढंच कळलं की हृदयानं मोठं होणं काही चांगलं नसतं. सकाळी मी निघालो तर तिचा डोळा लागला होता. उठवलं नाही. चपला हातात घेऊन खोलीबाहेर आलो आणि इंदापूरची गाडी धरली.

रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या, पुढं ट्रॅक्टर, त्यामुळं एसटी रखडत चालली होती. वस्तीवर पोहोचलो तर कालव्याच्या पाण्याची आमची पाळी आलेली. आता घरात राहा म्हणाली होती ती, पण घरात राहून करायचं काय हे काही सांगितलं नव्हतं. चहा टाकून प्यालो, धोतर वर खोचलं आणि ऊस भिजवायला गेलो. सऱ्यांची मातीची दारं मोडून पाणी एका सरीतून दुसरीत घ्यायचं काम आहे ते, त्यात माणसाला घर आठवत नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा परत आलो, तर दारापासनंच फोनची घंटी ऐकू आली. चिखलाच्या पायानं तसाच आत गेलो. सुमन होती. "आबा," म्हणाली, आणि पुढं नुसती रडत राहिली. मी म्हटलं, कवा? ती म्हणाली, आत्ताच… तुमी का गेला वो आबा?

मी का गेलो? तीच म्हणाली म्हणून गेलो. पण ती का म्हणाली, हा घोळ त्या दिवसापासनं माझ्या डोक्यात आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिनं शेवटच्या दिवशी मला समोरून उठवून लावलं. तिचा भाऊ तात्या म्हणाला, "दाजी, जानारं मानूस आपल्या मानसाला लांब करतंय. जीव अडकू ने म्हनून." सुमन म्हणाली, तुमची झोप झाली नव्हती, आयेला तुमची काळजी होती. असेल. पण झोपेसाठी पाठवलं असतं तर झोपा म्हणाली असती. आणि जीव अडकू नये म्हणून पाठवलं असतं तर नुसतं जावा म्हणाली असती. जेवणाच्या वेळेला घरातच राहा, हे कशाला? घरी स्वैपाक करणारं कोण होतं? मी तात्याला विचारलं तर त्यानं तंबाखू मळायला घेतली. सुमनला विचारलं तर म्हणाली, आबा, आता तेच तेच नका उगाळू. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांविषयी लिहितात, तुमी बी लिवा, मन मोकळं हुईल. मी चौथी शिकलेला माणूस. जसं बोलतो तसं लिहितोय. मन मोकळं होईल का ते ठाऊक नाही.

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. लग्न झालं तेव्हा गजरा माझ्यासंगं मेंढरांमागं हिंडली. तीन दगडांची चूल, भांडी घासायला चुलीतलीच राख, आणि खरकटं पाणी फेकायला अख्खं माळरान. पाणी तुंबायचा प्रश्नच नव्हता. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला, वस्तीवर स्लॅबचं घर झालं. स्वैपाकघरात उभ्यानं काम करायचा कडाप्प्याचा कट्टा केला, तर अंगानं बुटकी असलेली ही पहिले दोन-तीन महिने कट्ट्यावर चढून, मांडी घालून, शेगडीशेजारी बसून भाकरी थापायची. पाहुण्या बाया आल्या की तोंडाला पदर लावून हसायच्या. ती म्हणायची, "उभ्यानं भाकरी केली तर खानाऱ्याच्या पोटात ती बी उबीच ऱ्हाती." असल्या गोष्टी ती मनानंच काढायची आणि इतक्या ठामपणानं सांगायची की समोरच्याला खऱ्या वाटायच्या. खरकट्या पाण्याची नळी तिनं भिंतीतून बाहेर काढून केळीच्या आळ्यात सोडायला लावली. गवंडी म्हणाला, मावशी, शोषखड्डा घ्या. ती म्हणाली, खड्ड्याला कुठं घड लागतोय?

आमचा मुलगा दत्ता मस्कतला असतो. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत फिटर आहे. एकदा सुट्टीवर आला तो घोंगडीत गुंडाळलेलं एक धूड घेऊन. मला वाटलं पाण्याची मोटार. तिकडं कुणाचातरी फ्लॅट नवा करायला काढला होता, तिथलं जुनं काढून टाकलेलं सामान त्यानं मागून घेतलं होतं. दोन भांड्यांचं स्टीलचं सिंक, आणि त्यातल्या डाव्या भांड्याखाली बसवायचं खरकटं दळायचं मशीन. बटण दाबलं की आत पडलेलं सगळं बारीक होऊन पाण्याबरोबर नळीतून निघून जातं. घरात शेरडं, दारात कोंबड्या, बाहेर उकिरडा. आमच्या घरात वाया जायला आधी काही शिल्लकच राहत नव्हतं. पण पोरानं समुद्रापलीकडनं आणलेलं, कुणी कशाला बोलतंय? त्यानं स्वतः बसवलं. बघायला सगळी वस्ती गोळा झाली. दत्ता एखाद्या मास्तरासारखा सांगत होता, "आये, आता काय बी टाक ह्यात. काय बी. सगळं दळून जातंय." तेवढ्यात तात्यानं जेवणातलं कोंबडीचं हाडूक आत टाकलं न बटण दाबलं. असा काही आवाज झाला की पोरं उंबऱ्याबाहेर पळाली आणि तात्याची टोपी पडली. आवाज थांबला. सगळ्यांनी वाकून बघितलं. डाव्या भांड्यात काही नव्हतं, सगळं दळून गेलं होतं. आणि उजव्या भांड्यातून चार बोटं गढूळ पाणी वर आलं होतं. "आरं," तात्या म्हणाला, "ह्या दारानं घालिवलं न त्या दारानं आलं की!" दत्ता म्हणाला, पहिल्यांदा होतं असं, नवीन हाय. आणि सुट्टी संपवून गेला.

आता राखेचं सांगतो, कारण त्यावरून आमची लई भांडणं झाली. बाहेर आमचा पाणी तापवायचा बंब, त्यात लाकूडफाटा जळतो, त्यामुळं राखेला तोटा नाही. गजरा नव्या सिंकात सुद्धा राखेनंच भांडी घासायची. मी म्हणायचो, राख नळीत बसती, तुंबतं. ती म्हणायची, "पोरगा काय म्हनला? काय बी टाक, दळून जातंय. आन् राख तर आदीच दळल्याली हाय. तिला मशीनची बी गरज न्हाय." शेतात पाट पुढं तुंबला की पाणी मागं फुगतं, हे मला कळतं. सिंकाचंही तेच होतं. राख पिठासारखी वाहत जाते आणि जिथं नळीला वाक असतो तिथं सिमेंटसारखी बसते. मी आजही म्हणतो, राखेनं तुंबतं.

पण मला न उलगडलेली गोष्ट वेगळीच होती. सिंक दररोज तुंबत नव्हतं, शुक्रवारी तुंबायचं. एरवी पाणी हळूहळू का होईना, जायचं. शुक्रवारी मी रानातून आलो की स्वैपाकघरात फरशी ओली, कुबट वास, आणि ही उजव्या भांड्यातलं पाणी तांब्यानं उपसून बादलीत भरतीय. बरं, शुक्रवारी हिचा उपास. उपासाला भांडी कमी, भाजीपाला निवडायचा नाही, खरकटं नाही. मग त्याच दिवशी का? मी कट्ट्याखाली बसून नळीचा वाकडा तुकडा हातानं पिळून काढायचो, तर आत राखेत कालवलेला भुईमुगाच्या टरफलांचा चुरा. उपासाला शेंगा फोडायची ती, ते खरं. पण टरफलं तर आमच्यात बंबात जातात, जळणाला. मी विचारायचो, टरफलं कुणी टाकली ह्यात? तर म्हणायची, "पडली असतील." मूठभर टरफलं आपणहून पडतात का कधी? एकदा वैतागून म्हटलं, हे मशीन काढून टाकू, भोकाला बूच मारू. तर माझ्यावर डोळे काढून म्हणाली, "त्याला हात लावायचा न्हाय." इंदापूरहून नळवाल्याला आणलं, तर तोही म्हणाला, आजी, हे आपल्याकडचं काम नव्हे, काढून टाका. तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. एवढं प्रेम होतं तिचं मशीनवर म्हणावं, तर शेजारणीला सांगताना म्हणायची, लई घान हाय गं, ताप हाय नुसता. म्हणजे आवडतं का नाही? मी कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायची आमच्यात रीत नाही.

आणि फोन. वस्तीवर फोन आला तेव्हा मी तो बाहेरच्या सोप्यात लावून घेतला होता. आल्या-गेल्याला दिसायला नको का? काही महिन्यांनी बघतो तर फोन स्वैपाकघरात, सिंकाशेजारच्या फळीवर. तारवाल्याला चहापाणी देऊन हिनं हलवून घेतला. मी म्हटलं, हा काय तिखट-मिठाचा डबा आहे का? म्हणाली, "तुमाला कोन फोन करतंय?" ते बाकी खरं होतं.

आजार वाढला तेव्हा तिची पहिली अट, दत्ताला कळवायचं नाही. दोन-दोन वर्षांनी सुट्टी मिळते त्याला, कळलं तर सगळं टाकून येईल. मी म्हटलं, मला खोटं बोलायला जमणार नाही. आणि ते खरंच आहे. मी तोंडावर बोलणारा माणूस, त्यानं माझी माणसं तुटली आहेत, पण जमत नाही त्याला इलाज नाही. ती म्हणाली, "तुमाला बोलाया कोन सांगतंय? तुमी फोन उचलूच नका." त्या आठवड्यात दवाखान्यात नेलं तेव्हा तिनं सुमनलाही शपथ घातली. म्हणून दत्ताला काही ठाऊकच नव्हतं. एकदम शेवटचीच बातमी गेली. तो पोहोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दहाव्याला मात्र होता.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. बाया ताटं विसळत होत्या. हातांना काम हवं म्हणून दत्ता सिंकापाशी उभा राहिला, पातेल्यातला उरलेला वरणभात डाव्या भांड्यात लोटला आणि बटण दाबलं. भसाभस उजव्या भांड्यातून पाणी वर. राखाडी, फेसाळ, त्यात टरफलांचे तुकडे तरंगतायत. काठावरून खाली आलं, बायांचे पाय भिजले, एक जण म्हणाली, आगं बया, सरका! दत्तानं बटण बंद केलं आणि माझ्याकडं वळला.

"आबा, हे कवापास्नं?"

"कवापास्नं म्हंजी? तू बसिवल्यापास्नं."

"आये तर म्हनायची झकास चालतंय. दर बारीला म्हनायची."

"झकास? दर शुक्रवारी तुंबतंय. दर शुक्रवारी मी ह्या कट्ट्याखाली आडवा."

"शुक्रवारी?" तो म्हणाला. मग ओल्या फरशीवरच बसला. मला वाटलं पोराला चक्कर आली. सुमननं पाणी आणलं. तो म्हणाला, उद्या आपण दोघं हे उघडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक कट्ट्याखाली. खाली बादली ठेवली. दत्तानं मला बोट लावून दाखवलं, ही मशीनची नळी, ही उजव्या भांड्याची, दोन्ही हितं एका जोडाला मिळतात आणि पुढं एकच नळी वाक घेऊन भिंतीत जाते. पुढं अडलं की मशीन जोरानं पाणी ढकलतं, आणि त्याला जायला उजव्या भांड्याचीच वाट मोकळी सापडते. मी म्हटलं, हे मला सांगायची गरज नाही, मी आयुष्यभर पाणी वळवलंय. त्यानं जोड सैल केला, वाकडा तुकडा हातात आला. आतून जे निघालं ते दाबून भरलेल्या विटेसारखं. बादलीत पडलं तर आवाज झाला. मग त्यानं गावातून आणलेली लांब स्प्रिंग भिंतीतल्या नळीत घालून फिरवली, मी बाहेर केळीच्या आळ्यात बसून ओरडून सांगत होतो, आलं, अजून आलं, थांब.

"ही राख कुठनं आली?" दत्ता आतून म्हणाला.

"तुझ्या आयेची. तूच म्हनलास काय बी टाक, दळून जातंय. ती म्हनायची, राख तर दळल्यालीच हाय."

आतून हसण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मग थांबला, आणि मी बाहेरच बसून राहिलो. काही वेळ बापानं आत जाऊ नये.

आत गेलो तेव्हा त्याच्या तळहातावर टरफलांचा चुरा होता. मी म्हटलं, हेच मला आजपर्यंत कळलेलं नाही, टरफलं ह्यात कोण टाकत होतं. तो म्हणाला, "आबा, शुक्रवारी मला सुट्टी असती. जेवनाच्या येळंला मी फोन करतो, तुमी रानात असता. मी इच्यारायचो, आये, मशीन चालतंय का? ती म्हनायची, थांब, ऐकिवते. आन् फोन सिंकाकडं धरून बटन दाबायची. पयल्यांदा नुसतं घूं घूं वाजलं. मी म्हनालो, रिकामं हाय का गं? वापरत न्हायस का? तवापास्नं दर शुक्रवारी कडाकडा वाजायचं. मी म्हनायचो, काय टाकलं? तर म्हनायची, भाजीची देठं." तो चुऱ्याकडं बघत राहिला. "मला वाटायचं, आयेचं काम हलकं झालं."

मी सगळं ऐकून घेतलं. मग राहिलेलं एकच विचारलं, "त्या शुक्रवारी केलतास?"

"केला. लई येळ वाजला. मी म्हनलं, आज आये बी रानात गेली वाटतं."

म्हणजे फोन वाजत होता आणि मी उसात पाणी धरत होतो. म्हणजे जेवणाच्या वेळेला घरात राहा, ते ह्या फोनसाठी. एवढं तर मला कळलं. सुमन म्हणाली, बघा आबा, उलगडलं की नाही? दादानं फोन केला न कुणी उचलला नाही तर त्याला काळजी लागेल, म्हणून आयेनं तुमाला पाठवलं. पण सुमनला वाटतं तेवढं ते उलगडलेलं नाही. गजराच तर म्हणाली होती, तुमी फोन उचलूच नका. मी खोटं बोलत नाही हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक? मी फोन उचलला असता आणि दत्तानं विचारलं असतं, आये कुठाय, तर मी काय सांगितलं असतं? दवाखान्यात आहे, बरं दिसत नाही, ये. हेच सांगितलं असतं. हे तिला माहीत होतं. मग तिला माझ्या तोंडून ते सांगायला पाहिजे होतं का? मनातनं पोराला बोलवायचं होतं, पण शपथ घातलेली स्वतःच कशी मोडायची, म्हणून मला फोनजवळ नेऊन बसवत होती? का तिला फक्त एवढंच हवं होतं की घरात कुणीतरी असावं आणि मशीन वाजावं? पण मशीनचं मला ठाऊकच नव्हतं. का आजारानं तिचं सगळंच कालवलं होतं, आणि आज शुक्रवार आहे, घरी कुणीतरी पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं होतं? सांगायचं ना तोंडानं. एक वाक्य होतं. मी काय नाही म्हटलं असतं? …म्हटलं असतं, कदाचित. असली नाटकं मला जमत नाहीत असं म्हटलं असतं. तात्या म्हणतो, दाजी, आता कुठलंही एक धरा आणि मोकळे व्हा. कुठलंही एक कसं धरायचं? सकाळी एक खरं वाटतं, भाकरी खाताना दुसरं.

दत्ता गेला. जायच्या आधी त्यानं सिंक दोनतीनदा चालवून दाखवलं, पाणी मागं आलं नाही. मला बजावलं, आबा, राख बंद, टरफलं तर अजिबात न्हाय, नुसतं मऊ खरकटं टाका आन् पाणी भरपूर सोडा. मी म्हटलं, मी कशाला ते मशीन चालवतोय? त्यानं मान हलवली. एसटीत बसताना खिडकीतून म्हणाला, शुक्रवारी करतो फोन.

मागच्या शुक्रवारी मी रानात गेलो नाही. पाणी नव्हतं असंही नाही. स्वैपाकघरात पाट टाकून बसलो, समोर सुपात शेंगा. सुमननं चटणी करून ठेवायला सांगितली होती, म्हणून फोडत होतो. फोन वाजला. दत्ता म्हणाला, जेवला का आबा? मी म्हटलं, जेवलो. तो म्हणाला, तब्येत? मी म्हटलं, बरी. इतकी वर्षं तीच बोलायची त्याच्याशी, बापानं पोराशी फोनवर काय बोलायचं असतं हे मला कुठं ठाऊक? पैसे उठत असतील म्हणून ठेवतो म्हणणार, तेवढ्यात तो हळू म्हणाला, "आबा… ते मशीन चालतंय का?"

मी म्हटलं, थांब. उठलो. नळ सोडला. सुपातली मूठभर टरफलं उचलली आणि डाव्या भांड्यात टाकली. काय होणार ते मला नक्की ठाऊक होतं, नळी साफ करणारा मीच. पण रिकामं वाजून चालणार नव्हतं. बटण दाबलं आणि फोन सिंकाकडं धरला. कडाकडा कडाकडा… भिंतीवरचे डबे हलायला लागले. तिकडनं पोरगा नुसतं ऐकत होता, त्याचा श्वास ऐकू यावा म्हणून मी मधेच फोन कानाला लावला. आणि उजव्या भांड्यातून पाणी वर यायला लागलं. आधी गढूळ, मग त्यात चुरा.

"पानी मागं येत न्हाय ना वो आबा?"

"न्हाय," मी म्हटलं. "झकास चालतंय."

पाणी काठाला आलं होतं. मी फळीवरचा तांब्या घेतला आणि उपसायला लागलो. बादलीत वरून ओतलं तर आवाज होईल, म्हणून तांब्या बादलीच्या कडेला टेकवून हळू सोडत होतो. एका हातात फोन, एका हातात तांब्या. मशीन चालूच, पाणी चढतंय, फोन खाली ठेवला तर त्याला कळेल, तांब्या ठेवला तर घर भिजेल. शेवटी टाचा वर करून कोपरानं बटण बंद केलं, तर खाली येताना कोपर नळावर आपटलं. दत्ता म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काय न्हाय.

फोन ठेवल्यावर कट्ट्याखाली बादली सरकवली, जोड सैल केला आणि टरफलं काढत बसलो. आता एवढंच कळत नाही, की गजरानं हे इतके शुक्रवार केलं कसं? तिचा हात तर कट्ट्याच्या वर जेमतेम पुरायचा. बटण पार वर, भिंतीत आहे. का तेव्हाही कट्ट्यावर चढूनच बसायची?